ब्रेकलाइट लागतात का हो?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी सातचा सुमार, झिमझिम पाऊस, आणि मी वसई स्टेशनकडून पापडीला घरी येत होते. बाभोळा नाक्याच्या अलीकडे एक भाजीची हातगाडी एकदम रस्त्यात आली. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली आणि मागून धाडकन आवाज आला.

मोटरसायकलवरचा मुलगा होता, एकोणीस-वीस वर्षांचा. माझ्या बंपरवर आदळून बाजूला पडला होता. गुडघा सोललेला, उजवं मनगट दुसऱ्या हातात धरलेलं. मी उतरेपर्यंत दहा माणसं जमली आणि सगळ्यांनी त्यालाच धारेवर धरलं. मागून ठोकणाऱ्याची चूक, हा आपल्याकडचा कायदाच आहे ना! त्यात समोर पांढऱ्या केसांची म्हातारी. तो बिचारा म्हणाला, "सॉरी आजी, माझं लक्ष नव्हतं."

आणि मी? मीही त्याला तिथल्या तिथे पाच मिनिटं सुनावलं. अंतर ठेवून चालवावं, पावसात वेग कमी ठेवावा, आईबापांचा विचार करावा. तेहतीस वर्षं वर्गात उभं राहिल्यावर जीभ सवयीनं चालते. त्याने बंपरच्या खर्चासाठी स्वतःहून फोन नंबर दिला. मी मोठ्या मनाने म्हटलं, राहू दे, बघू नंतर.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सोसायटीत गाडी लावत होते, तर शेजारचे काका छत्रीतून ओरडले, "अहो बाई, तुमचे ब्रेकलाइट लागत नाहीयेत!"

मी गाडीतच बसून राहिले. हातपाय गार पडणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

आमची गाडी मारुती ८००, २००३ सालची. नंबर ठाण्याचा, एमएच ०४. तेव्हा वसईचं वेगळं आरटीओ नव्हतं, आता आमचा नंबर ४८. ह्यांनी हौसेने घेतली होती. २०१६ साली ह्यांचं बायपास झालं, तेव्हापासून मीच चालवते. मुलगा पुण्याहून दर फोनवर सांगतो, आई, ती डबडी विकून टाक. ब्रेकलाइटचं कळल्यावर तर त्याला आयतंच कोलीत मिळालं. "बघ, जुन्या गाडीचं हेच होतं."

पण मला छळत होतं ते वेगळंच. मागचे लाल दिवे मी अधूनमधून बघत असे. रात्री हेडलाइट लावले की मागे दोन लाल दिवे दिसायचे, म्हणजे मागचे दिवे ठीक आहेत असं मी धरून चालले होते. मागच्या दिव्यात एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. एक पाच वॅटची, ती हेडलाइटबरोबर लागते. दुसरी एकवीस वॅटची, ती ब्रेक दाबला की लागते आणि दिवा एकदम भडक होतो. माझी पाच वॅटची तार इमानाने जळत होती आणि एकवीस वॅटची किती दिवस मुकी होती, देव जाणे. ब्रेकवर पाय ठेवून कोणी गाडीच्या मागे जाऊन उभं राहू शकत नाही, आणि हा दिवा गेला तर सांगायला आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर काही सोय नाही. म्हणजे गाडीतला हा एकच दिवा असा, की तो ज्याच्यासाठी आहे त्याला दिसतो आणि ज्याने सांभाळायचा त्याला दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नेली. (नाव घेत नाही, सगळीकडे हेच आहे.) मुलाने बघितलं न बघितलं, म्हणाला, "बल्ब गेलेत." दोन्ही बल्ब बदलले, पैसे घेतले. भर दुपारी ब्रेक दाबून दाखवला तेव्हा दिवे लागलेही. संध्याकाळी पाऊस सुरू झाला आणि पुन्हा काळोख. परत गेले तर मालक म्हणाले, "मॅडम, जुनी गाडी आहे, वायरिंग गेलंय. अख्खं हार्नेस बदलावं लागेल. साडेसहा हजार. खरं सांगू का, त्यापेक्षा गाडी काढून टाका."

साडेसहा हजारांचं दुःख नव्हतं. त्यांनी वायर एकदाही हातात धरून बघितली नाही, याचं होतं. ह्यांच्या बायपासच्या आधी डॉक्टरांनी अँजिओग्राफी केली होती. कुठल्या नळीत किती अडथळा आहे ते पडद्यावर आम्हा दोघांना दाखवलं होतं. त्याशिवाय कोणी छाती उघडत नाही, आणि उघडू म्हटलं तर आपण देत नाही. मग गाडीच्या बाबतीत आपण इतके भाबडे का होतो? 'हे बदला, नाही जमलं तर ते बदला, तेही नाही तर गाडीच बदला' याला दुरुस्ती म्हणायचं का? माझ्या मते हा अंदाज आहे, आणि तो गिऱ्हाइकाच्या पैशाने बांधलेला आहे.

शेवटी आठवण झाली माझ्या एका विद्यार्थ्याची. दहावीला मराठीत काठावर पास झाला होता. निबंधात नेहमी चारच ओळी लिहायचा. पुढे आयटीआय करून एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन झाला, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. जवळच राहतो. फोन केला तर म्हणाला, "बाई, तुम्ही नका आणू, मीच येतो. पण तोपर्यंत गाडी बाहेर काढू नका."

आला तेव्हा हातात एक जुना टेस्ट लॅम्प होता. म्हणजे काय, तर बारा व्होल्टचा छोटा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीच्या टोकाला चिमटा आणि दुसरीच्या टोकाला सुई. बस. मला वाटलं लगेच गाडीखाली शिरेल. तर हा पायरीवर बसला आणि मलाच प्रश्न विचारू लागला. दोन्ही बाजूचे दिवे एकदमच गेले का? रात्रीचे मागचे दिवे लागतात का? बदललेले जुने बल्ब ठेवलेत का? पाऊस असला की जास्त होतं का?

जुने बल्ब मी पिशवीत ठेवले होते (शिक्षकाच्या घरात काही टाकलं जात नाही). त्याने बॅटरीला लावून बघितले. दोन्हींच्या दोन्ही तारा ठणठणीत! "बाई, दोन बाजूंचे दोन बल्ब एकाच वेळी कशाला मरतील? दोन्ही एकदम गेले म्हणजे दोघांच्या आधी जिथे रस्ता एकच आहे तिथे गडबड. आणि पावसात जातात, उन्हात येतात, म्हणजे तुटलेलं काही नाही. कुठेतरी नीट टेकत नाहीये."

व्याकरण शिकवताना मीही हेच सांगत असे, की वाक्य चुकलं तर आधी कर्ता शोध, मग कर्म, मग क्रियापद. अख्खं वाक्य खोडू नकोस. त्याने ते माझ्याकडून घेतलं असेल असं मला वाटत नाही, पण त्या दिवशी मला बरं वाटलं खरं.

मग क्रमाने सुरू झालं. आधी फ्यूज काढून बघितला. शाबूत. मग तो सीटसमोर उताणा झोपून पेडलखाली गेला. ब्रेकच्या पेडलच्या वरच्या टोकाला एक अंगठ्याएवढा स्विच असतो. त्याला दोन वायरी. टेस्ट लॅम्पचा चिमटा गाडीच्या लोखंडाला लावला आणि सुई एका वायरीला टेकवली. लागला दिवा. म्हणजे बॅटरीपासून इथवर वीज येते आहे. आमच्या गाडीत चावी बंद असली तरी इथे वीज हजर असते. आता सुई दुसऱ्या वायरीला. "बाई, पेडल हाताने दाबा." दाबलं. दिवा नाही. पुन्हा दाबलं. नाही. पाचव्यांदा दाबल्यावर किंचित लुकलुकला आणि गेला.

"आता स्विचचं बायपास करून बघू," तो म्हणाला, आणि आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, "कोणाचं बायपास?"

त्याने स्विचच्या दोन्ही वायरी काढल्या आणि इंचभर वायरचा तुकडा लावून त्या एकमेकींना जोडल्या. मागून शेजारच्या काकांची आरोळी आली, "लागले! दोन्ही लागले!" पेडलला कोणाचा पायही लागलेला नव्हता. म्हणजे त्या स्विचपासून पार मागच्या बल्बपर्यंतची सगळी वायरिंग निर्दोष. जे साडेसहा हजारांना बदलायचं होतं ते इंचभर वायरीने निर्दोष ठरलं. वेळ लागला पंधरा मिनिटं, त्यातली दहा प्रश्नांची.

स्विच काढल्यावर त्याने मला तो हातात दिला. मधे एक बारीक दांडी, स्प्रिंगवर आतबाहेर होणारी. मी दाबून म्हटलं, दाबल्यावर चालू होतो ना? तर नाही, उलटं आहे. आपण ब्रेक लावलेला नसतो तेव्हा पेडल त्या दांडीला आत दाबून धरतं आणि दिवा बंद असतो. ब्रेक दाबला की पेडल दूर जातं, दांडी स्प्रिंगने बाहेर येते आणि दिवा लागतो. फ्रिजच्या दारातलं बटण जसं असतं अगदी तसं. दार बंद म्हणजे बटण दाबलेलं म्हणजे दिवा बंद.

मग त्याने स्क्रू ड्रायव्हरने टोपण उचकटलं. आतल्या तांब्याच्या पट्ट्या काळवंडलेल्या, कडेला हिरवट पूड. आणि माझ्या तोंडून निघालं, "अरे, हा तर कळकलाय!"

हल्लीच्या मुलांना हा शब्द माहीत असेल की नाही कोण जाणे. तांब्यापितळेच्या भांड्यात ताक राहिलं की कळकायचं, हिरवं व्हायचं, ओतून द्यावं लागायचं. त्यासाठीच तर कल्हई. आंबटामुळे तांबं बिघडतं तसंच ते खाऱ्या दमट हवेतही बिघडतं, आणि आमच्या वसईत एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाडी, मधे मिठागरं. जूनपासून कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तर त्या पट्ट्यांचं काय! त्यात प्रत्येक ब्रेकला तिथे बारीक ठिणगी उडते. दोन बल्ब मिळून बेचाळीस वॅट, म्हणजे साडेतीन अँपिअर, आणि बल्बची तार थंड असताना पहिल्या क्षणाला तर त्याच्या कितीतरी पट वीज ओढली जाते. बाभोळा ते स्टेशन एका फेरीत किती वेळा ब्रेक लागतो ते इकडच्या मंडळींना सांगायला नको. बावीस वर्षांत त्या पट्ट्यांनी किती ठिणग्या सोसल्या असतील!

मी म्हटलं, घासून पुन्हा बसव ना. पॉलिश पेपरने घासला तर चकचकीत झालाही, दिवेही लागले. पण त्याने तो बसवला नाही. "बाई, टेपरेकॉर्डरचा असता तर हाच बसवला असता. हा ब्रेकचा आहे." नवा आणला, एकशे ऐंशी रुपये. म्हणजे शेवटी त्यानेही वस्तू बदललीच. मी दुरुस्तीची भक्त असले तरी ते मला पटलं. फरक एवढाच, की काय बदलतोय आणि का, हे त्याला आधी माहीत होतं आणि त्याने ते मला दाखवलं.

इथे गोष्ट संपली असं वाटेल, पण नाही. नवा स्विच आट्यांचा असतो, तो किती आत फिरवायचा याला माप आहे. आमचा थोडा मागे राहिला होता. म्हणजे पेडल सोडलं तरी दांडी पुरती दाबली जाईना, आणि दिवे सारखे लागून राहिले. रात्री वॉचमनने बेल वाजवून सांगितलं, नाहीतर सकाळी बॅटरी झोपलेली मिळाली असती. शिवाय ब्रेकलाइट सतत लागलेला असणं हे बंद असण्याइतकंच वाईट. मागच्याला कळणार कसं, की आता खरोखर ब्रेक मारलाय? तो पुन्हा आला, कान धरला (स्वतःचा), नट सैल करून स्विच अर्धा आटा पुढे घेतला, पेडल नुसतं टेकवल्यावर दिवा लागतो आणि सोडल्यावर विझतो हे दहा वेळा बघितलं, आणि नट आवळला.

पैसे घेतले नाहीत. चहा घेतला.

मग राहिलं ते सगळ्यात अवघड काम. त्या मुलाचा नंबर माझ्याकडे होता. दोन दिवस मी फोन केला नाही, खोटं कशाला सांगू. हे म्हणाले, "अगं, आता उकरून काय मिळणार? झालं ते झालं." मुलगा म्हणाला, "आई, उगाच पोलीस केस व्हायची." दोघांचं व्यवहाराने बरोबर होतं. पण रात्री झोप लागेना. बाभोळ्याच्या रस्त्यावर उभी राहून मी त्याला अंतर ठेवण्यावर व्याख्यान देत होते, आणि माझ्या पाठीमागे माझे दोन दिवे आंधळे होते! त्याचं लक्ष नव्हतं असं तो म्हणाला खरा. पण ते तरी कोणावरून? लक्ष असतं तरी त्याला काय दिसणार होतं?

तिसऱ्या दिवशी फोन केला आणि घरी गेले. मनगटाला प्लास्टर होतं, सहा आठवड्यांचं. वडिलांनी गाडीची चावी काढून घेतली होती आणि घरात त्याच्याशी धड बोलणं बंद होतं. मी सगळं सांगितलं, जुना स्विच पिशवीतून नेला होता तो टेबलावर ठेवून. वडील बराच वेळ तो उलटसुलट करत होते. मग म्हणाले, "मॅडम, याचीही थोडी चूक असेलच." मी म्हटलं, असेल, पण तुम्ही शिक्षा पूर्ण चुकीची दिली आहे, आणि ती मी दिलेल्या साक्षीवर दिली आहे. प्लास्टरचा खर्च घ्यायला ते तयार नव्हते, मी ठेवून आले. मुलगा काहीच बोलला नाही. निघताना मात्र खाली आला, माझ्या गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, दाबा बघू."

आता माझं म्हणणं.

जुन्या गाड्यांच्या नावाने आपल्याकडे खूप बोललं जातं. पंधरा वर्षांनी पुन्हा नोंदणी, पुढे दर पाच वर्षांनी. माझी २०१८ साली झाली, २०२३ साली झाली, २०२८ साली पुन्हा. वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ही फी ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार केली आहे. माझी तक्रार नाही, तपासणी हवीच. पण पाच वर्षांतून एकदा होणाऱ्या तपासणीने पाच वर्षं स्विच कळकायचा थांबत नाही. आणि नव्या गाडीतही ब्रेकच्या पेडलपाशी असाच एक स्विच असतो. तिच्या दिव्यांकडे तर पंधरा वर्षं कोणी बघायलाच येत नाही. तेव्हा दोष वयाचा कमी आणि न बघण्याचा जास्त.

दर सहा महिन्यांनी मी पीयूसीला जाते. माणूस नळी धुराड्यात घालतो, कागद देतो. तो गाडीच्या बरोबर मागे, ब्रेकलाइटपासून हातभर अंतरावर उभा असतो! "ब्रेक दाबा" एवढं त्याने म्हटलं तर दोन सेकंदांचं काम. धुराची तपासणी आणि दिव्याची तपासणी वेगळ्या, हे मला समजतं. पण त्या जागेवर उभ्या असलेल्या माणसाला हे काम देणं कोणाच्या डोक्यात येऊ नये? पेट्रोल भरणारा, टायरमध्ये हवा भरणारा, सोसायटीचा वॉचमन, हे सगळे आपल्या गाडीची पाठ रोज बघतात. आपण विचारत नाही.

त्या दिव्याची किंमत किती, याबद्दल नातवाने मला एक गोष्ट शोधून दिली. १९७४ साली जॉन व्होएवोड्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोमध्ये तीनशेहून जास्त टॅक्सींच्या मागच्या काचेच्या पायथ्याशी आणखी एक ब्रेकलाइट लावून बघितला. त्या टॅक्सींना मागून ठोकण्याचे प्रकार साठेक टक्क्यांनी कमी झाले. त्यावरून अमेरिकेत १९८६च्या मॉडेलपासून मोटारींना हा तिसरा दिवा सक्तीचा झाला. पुढे सगळ्याच गाड्यांना तो आला आणि डोळे सरावले, तेव्हा फायदा चार टक्क्यांच्या आसपास उरला. चार तर चार! तिकडे दोनाचे तीन दिवे करायला कायदा केला आणि मी दोनाचे शून्य घेऊन पावसात फिरत होते.

साधा हिशोब करून बघा. ताशी साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. जुन्या पद्धतीचा बल्ब पूर्ण पेटायला सेकंदाचा पाचवा हिस्सा घेतो, तेवढ्यात मागची गाडी तीनेक मीटर पुढे आलेली असते. नव्या एलईडी दिव्यांचं कौतुक या तीन मीटरसाठी आहे. आणि दिवाच नसेल तर मागच्याला फक्त अंतर कमी होताना दिसतं, तेही अंधारात, पावसात, हेल्मेटच्या ओल्या काचेतून.

मी आता रविवारी सकाळी गाडी कंपाउंडच्या भिंतीला पाठ करून लावते आणि आरशात बघत ब्रेक दाबते. भिंत लाल झाली की झालं. उन्हात नीट दिसत नाही, म्हणून पावसाळ्यात संध्याकाळी बघते. गाडीवाल्या भाचे-पुतण्यांनो, आजच बघा आणि मला कळवा. गॅरेजमध्ये गेलात तर एक विचारा, "कशावरून?" बल्ब गेला म्हणतो, कशावरून? वायर गेली म्हणतो, कशावरून? काढलेली वस्तू मागून घ्या. चिडला तर दुसरं गॅरेज बघा.

पुढच्या महिन्यात माझ्या पीयूसीची मुदत संपते आहे. त्या माणसाला या वेळी सांगणार आहे, नळी घातलीस की जरा तिथेच थांब, मी ब्रेक दाबते. हसला तर हसू दे.